सात माणसं, चौदा सर्व्हिसेस : मोनोलिथ फोडावा का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आम्ही सात जण मिळून दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या काही संघांकडे चालतं. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : सकाळ-संध्याकाळ उत्पादक गावातल्या संस्थेत दूध घालतो. तिथे वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजतात, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते, पावती मिळते, एसएमएस जातो. दर दहा दिवसांनी, म्हणजे १, ११ आणि २१ तारखेला बिल निघतं. त्यातून पशुखाद्य, अ‍ॅडव्हान्स, पतसंस्थेचा हप्ता कापून उरलेले पैसे खात्यावर.

हे सगळं एकच अ‍ॅप्लिकेशन आहे. अशा अखंड प्रोग्रामला मोनोलिथ म्हणतात. जावा, स्प्रिंग बूट, खाली एक मायएसक्यूएल डेटाबेस. २०१६ पासून चालू आहे. अडचण अशी, की बिलाच्या दिवशी पहाटे चारला बिल लावलं तर ते साडेसातपर्यंत चालतं आणि तेवढ्यात सकाळचं संकलन सुरू होतं. मग गावागावातून फोन. वजन पडतंय, पावती येईना. संस्थेच्या दारात कॅन घेऊन माणसं उभी.

साहेबांनी आता एक नवीन आर्किटेक्ट आणलेत, मोठ्या कंपनीतून. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर चौदा चौकोन काढले. उत्पादक सर्व्हिस, संस्था सर्व्हिस, संकलन, दर, बिल, कपात, पशुखाद्य, एसएमएस, अहवाल वगैरे वगैरे. प्रत्येक चौकोन म्हणजे स्वतंत्र चालणारा छोटा प्रोग्राम, मायक्रोसर्व्हिस. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, मधे निरोप पोहोचवायला काफ्का, खाली हे सगळे चालवायला कुबरनेटीस. चित्र देखणं आहे. मला मात्र झोप लागत नाही.

तर सात माणसांनी चौदा सर्व्हिसेस कराव्यात का? ज्यांनी केलंय आणि ज्यांनी करून पस्तावलेत, दोघांनीही लिहा.

सुपारी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. विषय दुधाचा आहे तेव्हा खरं तर खरवस हवा.

रात्रपाळी

पस्तावलेल्यांमध्ये माझं नाव लिहा. कंपनीचं विचारू नका. विम्याचं काम, हिंजवडी. आम्ही अकरा जण आणि साठच्या वर सर्व्हिसेस. माणशी साडेपाच. एकाला ताप आला की साडेपाच सर्व्हिसेस पोरक्या.

एकदा वारसदाराच्या माहितीत मोबाइल नंबरचं एक खानं वाढवायचं होतं. एक खानं! ते नऊ सर्व्हिसेसमधून फिरत फिरत शेवटी डेटाबेसात पडायचं. नऊ पुल रिक्वेस्ट (कोड बदलाच्या विनंत्या), नऊ डिप्लॉय (नवा कोड चालू प्रणालीवर चढवणं), तेही ठरलेल्या क्रमानं, कारण पाचवी आधी गेली की तिसरी रडायची. तीन आठवडे गेले. ज्या दिवशी क्रम चुकला त्या दिवशी मी साताऱ्यात मेव्हणीच्या लग्नात होतो. अक्षता टाकल्या आणि पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून बसलो. लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही, आणि हे दर दिवाळीला ऐकवलं जातं.

याला डिस्ट्रिब्युटेड मोनोलिथ म्हणतात. ताप दोन्हीकडचा, फायदा एकाचाही नाही.

चिंचगुळ

रात्रपाळी, वाईट वाटलं वाचून, पण हा मायक्रोसर्व्हिसेसचा दोष नाही. तुमच्याकडे कापायची जागा चुकली. एक खानं वाढवायला नऊ ठिकाणी हात लावावा लागत असेल, तर त्या नऊ मिळून एकच सर्व्हिस होती.

आता माझी बाजू. मी बंगळुरूला ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत आहे. अडीचशेच्या वर डेव्हलपर आणि सगळ्यांचा मिळून एक कोडबेस, अशी स्थिती होती. रिलीज तीन आठवड्यांनी एकदा. कुपनवाल्यांनी बग घातला की शोध, पेमेंट, परतावा, सगळ्यांची रिलीज अडली. टेस्ट चालायला दोन तास, मर्ज करायला रांग, रांगेत भांडणं. तोडायला अडीच वर्षं लागली आणि ती अडीच वर्षं मजेची नव्हती. पण आज आमची आठ जणांची टीम दिवसातून तीन वेळा नवा कोड ग्राहकांपर्यंत नेते आणि कुणाला विचारत नाही. मला कुणी 'परत एकत्र करू' म्हणालं तर मी राजीनामा लिहीन.

आम्ही हे लोडसाठी केलं नाही, माणसांसाठी केलं. सात जणांना त्याची गरज काय, हे मलाही कळत नाही. पण धागा 'सगळं फॅड आहे हो' या सुरात वाहून जाऊ नये म्हणून लिहिलं.

खिडकीतला

एकत्र कुटुंब आणि विभक्त कुटुंब ही उपमा कोण देतो याची वाट बघत होतो. कुणीच देईना, म्हणून मीच देतो. बस, झालं. आता पुढे चला.

सुपारी

@खिडकीतला, आमच्यात एकत्र कुटुंब आहे पण गॅसची शेगडी तीन. याला काय म्हणायचं?

खिडकीतला

मॉड्युलर मोनोलिथ. प्रोग्राम एकच, आत कप्पे वेगळे.

निवृत्त फोरट्रान

सुपारी हसण्यावारी नेताहेत, पण उत्तर तिथेच आहे.

मी या धंद्यात चाळीस वर्षं काढली, त्यामुळे थोडं जुनं बोलणार. डेव्हिड पार्नास यांचा १९७२ सालचा एक निबंध आहे, प्रोग्रामचे तुकडे कशाच्या आधारे करावेत यावर. त्यांचं म्हणणं असं, की कामाच्या पायऱ्या बघून तुकडे पाडू नका. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो शोधा आणि तो एका मॉड्युलच्या पोटात लपवा. मग तो बदलला तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही. तेव्हा नेटवर्कवरच्या सर्व्हिसेस हा विषयच नव्हता, आणि तरी मला आजच्या बहुतेक व्याख्यानांपेक्षा तो निबंध उपयोगी वाटतो.

वारणाकाठ, तुमच्या फळ्यावरचे चौदा चौकोन पुन्हा वाचा. उत्पादक, संस्था, दर, बिल. ही सगळी नामं आहेत, आणि मला खात्री आहे की याच नावांची टेबलं तुमच्या डेटाबेसात आहेत. टेबलाला सर्व्हिस म्हटलं म्हणून ती सर्व्हिस होत नाही. तेव्हा उलटं विचारा. गेल्या पाच वर्षांत सगळ्यात जास्त वेळा काय बदललं?

दुसरं नाव मेल्विन कॉनवे, १९६८. संस्थेत माणसं एकमेकांशी ज्या वाटांनी बोलतात, त्याच वाटा तिने बनवलेल्या प्रणालीत उतरतात, हे त्यांचं निरीक्षण. चिंचगुळ यांच्याकडे कुपनवाले, शोधवाले, पेमेंटवाले अशा खरोखरच्या वेगळ्या टोळ्या होत्या, म्हणून रेघा आपसूक पडल्या. तुम्ही सात जण एका खोलीत बसता. चौदा सर्व्हिसेस म्हणजे प्रत्येकानं दोन टोप्या घालून स्वतःलाच निरोप पाठवायचे.

वारणाकाठ

काका, उत्तर एका क्षणात आलं : दरपत्रक.

गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया. त्याच्या वर-खाली पॉइंटामागे किती वाढवायचं आणि किती कापायचं हे प्रत्येक संघाचं वेगळं. म्हशीचं वेगळं. दिवाळीचा फरक वेगळा. शासनाचं अनुदान आलं की आणखी एक खानं. गेल्या वर्षी किती वेळा बदललं ते मोजायचंही सोडून दिलं.

आणि आत्ता कोड उघडून बघितलं. दर काढायचं गणित अकरा ठिकाणी लिहिलंय. अहवालात वेगळं, पावतीत वेगळं. त्यातलं तीन ठिकाणचं मीच लिहिलंय.

चिंचगुळ

यातच बघा. हे अकरा ठिकाणचं गणित जसंच्या तसं चौदा सर्व्हिसेसमध्ये गेलं असतं, तर आता एका आयडीईत (कोड लिहायच्या साधनात) शोधलं की सापडलं, ते तेव्हा अकरा वेगळ्या कोडसाठ्यांमध्ये शोधावं लागलं असतं.

सह्याद्री_स्टुडंट

मी शेवटच्या वर्षाला आहे. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात. काय उत्तर देऊ?

सुपारी

मुलाखतीत नेटफ्लिक्स म्हणायचं. नोकरी लागल्यावर 'बघावं लागेल' म्हणायचं.

अटलांटिकपार

नेटफ्लिक्सचं नाव आलंच आहे तर सांगतो, कारण ती गोष्ट अर्धीच सांगितली जाते. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा मुख्य डेटाबेस खराब झाला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. हो, तेव्हा ते डीव्हीडी पोस्टानं पाठवायचे. तिथून त्यांनी क्लाउडवर जायचं आणि एकाच जागी सगळं अडकणार नाही अशी रचना करायची ठरवलं. ते काम जानेवारी २०१६ मध्ये संपलं. सात वर्षं! वारणाकाठ यांच्या साहेबांना सात वर्षं चालणार असतील तर विचारून बघा.

उलटी उदाहरणंही आहेत. सेगमेंट नावाची कंपनी ग्राहकांचा डेटा वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचवते. आधी एकच रांग होती आणि एक ठिकाण मंदावलं की मागचे सगळे खोळंबायचे, म्हणून त्यांनी प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी सर्व्हिस आणि वेगळी रांग केली. कारण अगदी रास्त होतं. वाढत वाढत त्या १४० च्या वर गेल्या आणि तीन इंजिनिअर पूर्ण वेळ फक्त त्यांना जिवंत ठेवण्यात गुंतले. मग सगळ्या परत एका सर्व्हिसमध्ये आणल्या. २०१८ साली त्यांनीच हे सविस्तर लिहिलं.

आणि इस्टिओ! मायक्रोसर्व्हिसेस सांभाळायचं हे प्रसिद्ध साधन, त्याचा स्वतःचा नियंत्रण भाग अनेक सर्व्हिसेसमध्ये विभागलेला होता. २०२० मध्ये १.५ आवृत्तीत त्यांनी तो एका प्रोग्रामात एकत्र केला. मिठाईवाल्याने स्वतः साखर सोडावी, तसं.

खिडकीतला

आणि अ‍ॅमेझॉन प्राइमनं २०२३ मध्ये मायक्रोसर्व्हिसेस सोडून ९० टक्के खर्च वाचवला, ते राहिलं की.

अटलांटिकपार

मुद्दाम सोडलं, कारण ते फार चुकीचं फिरवलं गेलं. अख्ख्या प्राइम व्हिडिओची गोष्ट नव्हती ती. व्हिडिओची गुणवत्ता तपासणारं एक आतलं साधन होतं. त्यात व्हिडिओच्या फ्रेम एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना मधे एस३ या क्लाउड साठवणीवर ठेवल्या जात आणि प्रत्येक टप्प्याची नोंद स्टेप फंक्शन्स या टप्पे चालवणाऱ्या सेवेत व्हायची. दोन्हीचं बिल चढायचं, आणि अपेक्षित लोडच्या सुमारे ५ टक्क्यांवरच त्याचा श्वास कोंडला. म्हणून सगळे टप्पे एका प्रोसेसमध्ये आणले आणि फ्रेम मेमरीतच राहिल्या. एवढंच. त्यावरून 'अ‍ॅमेझॉननं मायक्रोसर्व्हिसेस सोडल्या' म्हणणं म्हणजे शेजाऱ्यानं मिक्सर बदलला म्हणून त्यांनी घर विकलं असं सांगत फिरणं.

शब्दवेल्हाळ

जरा वेगळं. मोनोलिथला मराठीत काय म्हणाल? 'एकाश्म' सुचतोय. वेरूळचं कैलास लेणं म्हणजे मोनोलिथच, आठव्या शतकातलं, एका कातळात वरून खाली कोरत आणलेलं.

रात्रपाळी

आणि अजून उभं आहे. एकही डिप्लॉय नाही.

चिंचगुळ

त्यातला एक खांब दोन फूट सरकवून दाखवा.

शब्दवेल्हाळ

वा! मग मायक्रोसर्व्हिसेसला हेमाडपंती म्हणा. चुना नाही, दगड एकमेकांत खाचा करून बसवलेले.

निवृत्त फोरट्रान

हेमाडपंतीत खाचा आधी ठरतात, दगड नंतर येतात. आमच्याकडे दगड आधी येतात.

कोळीवाडा

वाचतोय आणि हसतोय. कुबरनेटीस हा ग्रीक शब्द आहे, अर्थ सुकाणू धरणारा. म्हणजे आमचा तांडेल. फक्त आमच्याकडे एका होडीला एक तांडेल पुरतो. वारणाकाठ यांच्या बोटीवर सात खलाशी आणि तांडेलाला समजून घ्यायला त्यातले तीन लागणार.

शून्य_शिल्लक

धाग्यावर विनोद छान चाललेत, पण पैशांबद्दल कुणीच बोललं नाही. मी बँकिंग सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून हा मुद्दा मांडतो. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा आहे.

आत्ता तुमच्याकडे बिल निघताना काय होतं? उत्पादकाची रक्कम लिहिली, पशुखाद्याची उधारी कमी केली, हप्ता वळता केला, उरलेले खात्याला जमा. हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये. मधेच लाइट गेली तर सगळं मागे फिरतं, जणू काही झालंच नव्हतं. हे काम डेटाबेस तुम्हाला फुकट करून देतो आणि फुकट मिळतं म्हणून आपल्याला त्याची किंमत नसते.

आता बिल, कपात आणि पशुखाद्य या तीन सर्व्हिसेस करा, तीन डेटाबेस. कपात झाली, जमा व्हायच्या आधी बिल सर्व्हिस पडली. आता उत्पादकाच्या नावावर उधारी कमी दिसते आणि खात्यात पैसे नाहीत. किंवा उलटं, जे जास्त वाईट, कारण ते कुणी सांगायला येत नाही. हे निस्तरायला सागा नावाची पद्धत आहे. गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी १९८७ मध्ये मांडलेली. प्रत्येक पायरीला एक उलटी पायरी लिहून ठेवायची आणि मधे बिघडलं तर उलट्या पायऱ्या चालवत मागे यायचं. चालते, मी वापरली आहे. पण उलटी पायरीसुद्धा पडू शकते. तोच निरोप दोनदा आला तर दोनदा कापायचं नाही, हेही बघावं लागतं. आमच्याकडे या एका विषयावर चार जणांची टीम आहे. तुमची अख्खी कंपनी सात जणांची.

आणि बँकेचा ग्राहक कॉल सेंटरला फोन करतो. तुमचा उत्पादक संस्थेच्या सेक्रेटरीच्या दारात येतो, पासबुक घेऊन.

वारणाकाठ

दारात नाही, घरात येतो. आमच्यातले दोघं त्याच गावांतले आहेत.

टेस्टवाली

माझे दोन पैसे. चौदा सर्व्हिसेस झाल्या की टेस्टिंगचं काम चौदापट होत नाही, जोड्यांच्या हिशोबानं वाढतं. चौदांच्या जोड्या ९१. सगळ्या एकमेकींशी बोलणार नाहीत हे मान्य. पण कोण कुणाशी बोलतं हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

आकडेमोड्या

जोड्यांचा हिशोब झालाच आहे तर उपलब्धतेचाही करू. एक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असेल तर वर्षात पावणेनऊ तास बंद. अशा चौदा सर्व्हिसेस एका विनंतीच्या वाटेवर लागोपाठ असतील तर ०.९९९ चा चौदावा घात, म्हणजे ९८.६ टक्के. वर्षात सुमारे १२२ तास बंद. पाच दिवस.

चिंचगुळ

गणित बरोबर, गृहीतक एकांगी. चौदाही सर्व्हिसेस एका माळेत लागोपाठ बसवल्या तर हे होतं. पावतीच्या वाटेवर फक्त संकलन आणि दर या दोनच असतील आणि बाकीच्या रांगेतून सावकाश काम करत असतील, तर अहवालाची सर्व्हिस दिवसभर बंद पडली तरी पावती निघत राहील. आजच्या एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये अहवालानं मेमरी खाल्ली तर पावतीही मरते. हा फायदा खरा आहे, तोही लिहायला हवा.

आकडेमोड्या

मान्य.

(या संस्थळावर 'मान्य' हा शब्द पहिल्यांदाच उमटल्याबद्दल संपादकांनी नोंद घ्यावी.)

गगनबावड्याचा_पाऊस

वितरित प्रणालींबद्दलचे गैरसमज म्हणून एक प्रसिद्ध यादी आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमाराला लिहिलेली. त्यातला पहिलाच गैरसमज : नेटवर्क भरवशाचं असतं. जुलैमध्ये आमच्याकडे येऊन हे वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवा.

वारणाकाठ, गावातल्या संस्थेत नेट गेलं तर संकलन थांबतं का तुमचं?

वारणाकाठ

नाही. तिथल्या संगणकावर आधी नोंद होते, नेट आलं की वर पाठवतो. पावती मात्र वरून दर आल्याशिवाय निघत नाही.

गगनबावड्याचा_पाऊस

म्हणजे तुम्ही वितरित प्रणाली आधीच चालवताय, आणि ती पावसाळ्यात चालते. फक्त दरपत्रक खाली ठेवा. आदल्या रात्री उतरवून ठेवलं तर पावतीला वर जायचं कारणच उरत नाही. यात कुबरनेटीस कुठे आलं?

वारणाकाठ

हे आम्हाला सात वर्षांत सुचलं नाही. (कारण आहे. दर अचानक बदलला तर खालचा जुना राहील, अशी भीती. पण त्याला अंमलाची तारीख-वेळ लावता येईल.)

निवृत्त फोरट्रान

आणि ते अकरा ठिकाणचं गणित आधी एका ठिकाणी आणा. नाहीतर खाली पाठवणार कुठलं?

उगाच_विरोध

सगळे एका सुरात गाताहेत म्हणून मी विरोधात. सॉफ्टवेअर रचनेवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २०१५ मध्ये 'आधी मोनोलिथ करा' असं लिहिलं, ते सगळे उचलून धरतात. त्याच महिन्यात त्यांच्याच साइटवर स्टेफान टिल्कोव यांचा उलटा लेखही आला होता. त्यांचं म्हणणं, एकत्र वाढलेल्या गोष्टी नंतर सुट्या होत नाहीत, मुळं गुंतलेली असतात. वारणाकाठ यांची अकरा मुळं बघितलीच आपण. 'नंतर तोडू' म्हणणारे नंतर कधीच तोडत नाहीत. मग आर्किटेक्ट आत्ता तोडा म्हणत असतील तर त्यांचं काय चुकलं?

चिंचगुळ

चांगला मुद्दा. पण टिल्कोव कोरी पाटी आणि ओळखीचा विषय धरून बोलतात. इथे २०१६ पासून चालणारं, रोज दोन वेळा पैशांचं काम करणारं अ‍ॅप्लिकेशन आहे. एका झटक्यात नवीन लिहायला घेतलं तर जुनं चालू ठेवत नवीन लिहायला सात माणसं कुठून आणणार?

रानवेडा

चालू गोष्ट हळूहळू बदलायची असेल तर फाउलर यांचीच एक उपमा आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या जंगलात त्यांनी गळा आवळणारे उंबरवर्गीय वृक्ष पाहिले आणि २००४ मध्ये त्यावरून लिहिलं. बी दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतं, मुळं खाली सोडतं, हळूहळू मूळ झाडाला वेढतं, आणि शेवटी आतलं झाड जातं, बाहेरचं उरतं. तसं नवीन सॉफ्टवेअर जुन्याभोवती वाढवायचं.

आपल्याला त्यासाठी क्वीन्सलँड नको. आपलं नांदरुक तेच करतं. पण एक इशारा. मी ज्या वाड्यात वाढलो त्याच्या भिंतीत पिंपळ रुजला होता. पिंपळही वाढला नाही आणि वाडाही धड राहिला नाही. भिंत मात्र फुगली. अर्धवट सोडलेली अशी कामं मी दोन कंपन्यांत पाहिली आहेत.

सुपारी

आज धाग्यावर वनस्पतिशास्त्र, स्थापत्य, मासेमारी सगळं झालं. दूध राहिलं.

वारणाकाठ

दुधावर येतो. दहा-बारा दिवस गायब होतो, कारण ११ तारीख मधे होती.

आम्ही बिल चालू असताना शेवटी डेटाबेसात डोकावून बघितलं. खरं तर हे सात वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. बिल निघालं की दहा दिवसांच्या नोंदींवर 'बिल झाले' अशी खूण मारायची एक अपडेट क्वेरी आहे. तारखेच्या खान्यावर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) नाही. त्यामुळे मायएसक्यूएल अख्खं टेबल वाचत जातं आणि वाचेल त्या ओळींना कुलूप लावत जातं, ओळींमधल्या मोकळ्या जागांनाही. नवीन नोंद आत जायला जागाच नाही. आणि हे सगळं संघाच्या सगळ्या संस्थांसाठी मिळून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्यामुळे सगळं संपल्याशिवाय एकही कुलूप निघत नाही.

इंडेक्स घातला. बिल संस्थावार केलं, एक संस्था झाली की कमिट, म्हणजे नोंद पक्की. आणि बिलाचं काम त्याच कोडचा दुसरा प्रोसेस लावून तिथे नेलं, म्हणजे मेमरी वेगळी. ११ तारखेला चारला सुरू झालं ते चार पस्तीसला संपलं. मी सहापर्यंत स्क्रीनसमोर बसून होतो, विश्वास बसेना म्हणून. फोन आला नाही. साडेसहाला मीच एका सेक्रेटरींना फोन केला, तर ते म्हणाले, 'का हो, काय झालं?'

एक तुकडा मात्र खरंच वेगळा केला : एसएमएस. एसएमएस पाठवणारा गेटवे मंदावला की त्याची वाट बघत आमचे थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली चालू कामं, अडकायचे. ते सेगमेंटच्या रांगेचं वाचून पेटलं. आता पावती निरोप रांगेत टाकते आणि मोकळी होते.

शून्य_शिल्लक

संस्थावार कमिट केलंत ते उत्तम. पण मधे एक संस्था पडली तर पुन्हा चालवताना आधी झालेल्यांचं दुसऱ्यांदा बिल होत नाही ना?

वारणाकाठ

होत होतं. चाचणीत सापडलं. संस्था आणि बिलाचा कालावधी मिळून युनिक की लावली, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदताच येत नाही.

रात्रपाळी

इंडेक्स! सगळा धागा एका इंडेक्ससाठी! अभिनंदन. आता आर्किटेक्ट काय म्हणतात?

वारणाकाठ

ते आहेत चांगले. इंडेक्सवर हसले, म्हणाले मी पहिल्या दिवशी हेच विचारायला हवं होतं. पण चौदा चौकोन फळ्यावरून पुसले नाहीत. मी खोदून विचारलं तेव्हा खरं कारण कळलं. एका मोठ्या संघाचं टेंडर येतंय आणि त्यात पात्रतेच्या अटींमध्ये लिहिलंय, 'प्रणाली मायक्रोसर्व्हिसेस आधारित असावी.' बस. चौदा चौकोन त्या एका ओळीतून आलेत. मला हे धागा काढताना माहीत नव्हतं, शपथ.

सुपारी

हा खरा आर्किटेक्चरल निर्णय. सगळे पार्नास, कॉनवे एका बाजूला आणि टेंडरची ओळ एका बाजूला.

उगाच_विरोध

एसएमएस वेगळं झालं, बिलाचा प्रोसेस वेगळा झाला, मुख्य अ‍ॅप्लिकेशन तिसरं. तीन झाल्या की. किती असाव्यात हे कुठे लिहिलंय अटीत?

टेस्टवाली

आकडा नसतो, पण तपासणीला येणारा माणूस 'कंटेनर (वेगवेगळे डबाबंद प्रोग्राम) किती' एवढंच मोजतो. अनुभव आहे.

चिंचगुळ

हे वाक्य जुळवून घेण्याची खटपट करू नका, मी सांगते ते करा. अट कुणीतरी दुसऱ्या टेंडरमधून उचललेली असते आणि संघाला त्यातून काय हवंय हे संघालाही सांगता येत नाही. प्री-बिड मीटिंगच्या, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या बैठकीच्या, आधी लेखी प्रश्न द्या : बिल चालू असताना संकलन थांबू नये, एक भाग बंद पडला तर पावती थांबू नये, एवढ्या वेळात एवढ्या पावत्या निघाव्यात, अशी कामगिरीची अट या ओळीऐवजी चालेल का? लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते सगळ्यांना जातं. आमच्या आधीच्या कंपनीनं असं दोनदा केलं. एकदा अट बदलली, एकदा नाही.

निवृत्त फोरट्रान

आणि सोबत ११ तारखेचा लॉग जोडा. चार ते चार पस्तीस. तो वाचायला कुणाला आर्किटेक्चर यावं लागत नाही.

आकडेमोड्या

प्री-बिड कधी आहे?

वारणाकाठ

शुक्रवारी सकाळी नऊला, कोल्हापुरात. शुक्रवारीच २१ तारीख आहे.